विद्ध आणि अविद्ध : अपूर्व प्राण्यांच्या चित्रांची पारख

आमचे एक स्नेही जुनीं चित्रें व पोथ्या जमवितात. गेल्या वर्षीं त्यांनीं एक चित्र माझ्याकडे आणून दिलें आणि त्यावर माझें मत विचारलें. कागद जुना दिसत होता, भोंवतीं सोनेरी वेलबुट्टीची चौकट होती, मध्यें एक टर्की पक्षी पिसारा फुलवून उभा होता, आणि खालच्या कोपऱ्यांत फारशी अक्षरांची एक ओळ होती. मला फारशी येत नाहीं. ती ओळ मीं एका जाणकाराकडून वाचवून घेतली. ‘नादिर-उल्-अस्र उस्ताद मन्सूर याचें काम’ असा तिचा अर्थ निघाला. स्नेह्यांनीं चित्राची बरीच किंमत मोजली होती, आणि त्याच विक्रेत्याकडून आणखी एक चित्र घेण्याच्या विचारांत ते होते. तेव्हां माझ्या उत्तरावर त्यांच्या गांठीच्या पैशाचाहि निकाल अवलंबून होता. तोंडीं जें उत्तर मीं दिलें तें तुटक होतें. तें सविस्तर मांडावें, म्हणजे संग्रह करणाऱ्या इतर वाचकांसहि त्याचा कांहीं उपयोग होईल, या हेतूनें हा लेख लिहीत आहें. चित्रकलेचा मी जाणकार नव्हे. चौतीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलेला एक मास्तर आहें. परंतु पोथीची पारख आणि चित्राची पारख यांत वाटतें तेवढें अंतर नाहीं, असें मला आतां वाटूं लागलें आहे.

कल्याणीच्या चालुक्य वंशांतील सोमेश्वर तिसरा, ज्यास भूलोकमल्ल असें बिरुद होतें, त्यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘मानसोल्लास’ रचला. त्यांत चित्राचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांतील दोन या विषयाला फार उपयोगी पडतात. आरशांतील प्रतिबिंबाप्रमाणें जें मूळ वस्तूशीं जुळतें तें विद्ध. मूळ वस्तु समोर नसतां कल्पनेच्या भरांत जें उमटतें आणि केवळ आकार सुचवितें तें अविद्ध. अविद्ध म्हणजे वाईट, असा याचा अर्थ कोणी करूं नये. देवळाच्या भिंतीवरील शरभ किंवा व्याल हीं अविद्धच, आणि तीं उत्तम असूं शकतात. शरभाला इतके पाय कां, असें शिल्प्याला कोणी विचारीत नाहीं. दोष उत्पन्न होतो तो अविद्धावर विद्धाचें नांव लिहिलें जातें तेव्हां. हाच ग्रंथकार मत्स्यविनोदाच्या प्रकरणांत माशांचे खवल्यांचे व बिनखवल्यांचे, समुद्रांतले व नद्यांतले असे भेद करतो. पाहून लिहिणें आणि ऐकून लिहिणें यांतला फरक त्याला चांगला ठाऊक असावा.

आतां या फरकाचें जगांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घेऊं. त्याचा आरंभ आपल्याच किनाऱ्यावर झाला आहे. दीव येथें किल्ला बांधण्याची परवानगी मागण्यासाठीं गोव्याहून आल्बुकर्कचे वकील १५१४ सालीं गुजराथच्या मुजफ्फरशहा सुलतानाकडे गेले. परवानगी मिळाली नाहीं. पण नजराण्यांची देवघेव झाली आणि तींत एक जिवंत गेंडा फिरंग्यांच्या हातीं आला. १५१५ च्या जानेवारींत तो गोव्याहून जहाजावर चढला आणि २० मे रोजीं लिस्बनला उतरला. रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपांत असा प्राणी कोणी पाहिला नव्हता. ज्या नांवानें तो तिकडे ओळखला जाई तें आमच्या गेंडा या शब्दाचेंच रूप होतें, आणि गेंडा म्हणजे अमरकोशांतील गंडक. इतक्या लांबवर प्राण्याबरोबर त्याचें नांवहि गेलें हें मौजेचें आहे. पोर्तुगालचा राजा मानुएल यानें त्याची हत्तीशीं झुंज लावून पाहिली, तेव्हां हत्ती पळाला. पुढें पोपला भेट म्हणून तो रोमकडे रवाना झाला असतां १५१६ च्या आरंभीं इटलीच्या किनाऱ्यापाशीं जहाज बुडालें, आणि जखडलेला तो जीव जहाजाबरोबरच तळाशीं गेला.

न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररनें हा गेंडा कधींच पाहिला नाहीं. लिस्बनहून आलेलें वर्णन आणि एक कच्चें रेखाटन एवढ्या सामग्रीवर त्यानें त्याच वर्षीं लांकडी ठशाचें आपलें प्रसिद्ध चित्र केलें. अंगावर चिलखताचे पत्रे, पत्र्यांच्या कडेनें रिविटांसारखे ठिपके, पायांवर खवले, आणि मानेच्या मागें पाठीवर एक लहानसें दुसरें शिंग! वर छापलेल्या मजकुरांत सालहि १५१३ असें चुकीचें पडलें आहे. असें असूनहि हें चित्र पाहतांना प्राण्याचा भार जाणवतो, त्याचें लहान डोकें आणि खालीं झुकलेली मान पाहून त्याचा हट्टी स्वभाव समजतो. मला तें फार आवडतें, आणि आवडतें म्हणूनच त्याच्याविषयीं सावध राहावें लागतें. १५५१ सालीं गेस्नरच्या प्राणिविषयक ग्रंथांत तें जसेंच्या तसें गेलें, आणि पुढें सुमारें दोनशें वर्षें युरोपांतील विद्वान् मंडळी गेंडा म्हणजे हाच असें धरून चालली. १७४१ सालीं बंगालमधून ‘क्लारा’ नांवाची गेंड्याची मादी हॉलंडांत गेली, गांवोगांव फिरली, चित्रकारांनीं ती प्रत्यक्ष पाहून काढली, तेव्हां कोठें या चिलखताची पकड सैल झाली.

येथें मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. मास्तरकीच्या आरंभींच्या वर्षांत गंडक, खड्ग, खड्गी हे पर्याय शिकवितांना मीं एका पुस्तकांतील ड्यूररचें चित्र वर्गांत फिरविलें आणि ‘खड्गी तो हा’ असें सांगितलें. एक मुलगा नुकताच सुटींत प्राणिसंग्रहालय पाहून आला होता. तो उठून म्हणाला, “गुरुजी, याच्या पाठीवर शिंग नसतें.” मीं त्याला खालीं बसविलें. पुस्तकांतलें छापील चित्र आणि सातवींतला मुलगा यांत मीं पुस्तकाची बाजू घेतली. पुढें खरी गोष्ट कळली तेव्हां तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

याच १५१५ सालीं आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायर यानेंहि त्याच गेंड्याचा एक ठसा केला. प्रत्यक्ष प्राणी त्यानेंहि पाहिला नव्हता. परंतु त्याच्या चित्रांत चिलखत नाहीं. कातडें कातड्यासारखें आहे, आणि पुढच्या पायांना बंधन घातलेलें आहे. हें बंधन मला महत्त्वाचें वाटतें. तें कल्पनेनें सुचण्याजोगें नव्हे. कोणा पाहणाऱ्यानें पाहिलें, कळविलें, आणि चित्रकारानें तें गाळलें नाहीं. ड्यूररचा गेंडा मोकळा, राजेशाही थाटाचा आहे. बुर्कमायरचा गेंडा परमुलखांत नेलेला बंदिवान आहे, आणि तोच खरा होता. तरीहि जिंकला कोण? ड्यूररच्या चित्राच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. बुर्कमायरच्या चित्राची एकच छाप आज शिल्लक आहे, ती व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहांत. पोथ्यांच्या बाबतींत आपण हेंच पाहतों. मूळचा खडबडीत पाठ एखाद्याच प्रतींत तग धरून राहतो, आणि हुशार लेखकानें सुधारलेला शोभिवंत पाठ शंभर प्रतींत पसरतो. प्रतींची संख्या मोजून पाठ ठरवूं नये हा नियम आपण पोथीला लावतों, तो चित्राला मात्र लावीत नाहीं.

गेंड्याचें प्रत्यक्ष पाहून काढलेलें एक चित्र पुण्याचेंहि आहे, आणि त्याची आपल्याकडे व्हावी तितकी चर्चा होत नाहीं. सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत पर्वतीच्या पायथ्याशीं पेशव्यांचा शिकारखाना होता. चार्ल्स मॅलेट हा १७८६ सालापासून इंग्रजांचा वकील म्हणून पुण्यास होता. त्याच्यासाठीं गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट या चित्रकारानें नोव्हेंबर १७९० मध्यें त्या शिकारखान्यांतील गेंडा काढला. हें चित्र आतां अमेरिकेंत, न्यू हेवन येथील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहांत आहे. याच गंगारामानें वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें काढलीं, आणि वेरूळवरील मॅलेटच्या निबंधामागें त्याचे श्रम आहेत.

गंगाराम हा जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचा शिष्य, अशी समजूत रूढ आहे. ती सर्वस्वी खोटी नाहीं. वेल्सच्या हाताखालीं त्यानें काम केलें हें खरें. परंतु वेल्स मुंबईस उतरला १७९१ सालीं, आणि गेंड्यावर तारीख आहे त्याच्या आदल्या वर्षाची. म्हणजे पाहून काढण्याची ही दृष्टि वेल्स येण्यापूर्वींच या पुणेकरापाशीं होती. मॅलेटनें कांहीं विलायती नमुने त्याच्यापुढें ठेवले असतील, काय हवें तें सांगितलें असेल. पण साहेबानें शिकविलें म्हणून आमच्या माणसाला दिसूं लागलें, हा कालक्रम टिकत नाहीं. तांब्याच्या भांड्यावर ठोके घालणाऱ्या घराण्यांतल्या माणसाला वळीचें आणि फुगवट्याचें ज्ञान उपजतच असणार, असें लिहिण्याचा मोह मला झाला होता; परंतु आडनांवावरून कलेचें अनुमान करणें हें या लेखांतील माझ्याच म्हणण्याविरुद्ध जाईल. एवढें खरें कीं त्याच्या गेंड्याच्या पाठीवर शिंग नाहीं, आणि वळ्या आहेत त्या कातड्याच्या आहेत. शौर्य, वैभव, शुभाशुभ असें कांहीं त्या चित्राला सांगावयाचें नाहीं. ड्यूररशेजारीं ठेविलें तर तें फिकें दिसेल. पण माझ्या त्या विद्यार्थ्याच्या बाजूनें साक्ष देईल. शिकारखान्याच्या दाणावैरणीचे, राखणदारांच्या पगारांचे कागद ज्यांच्या बाडांत असतील त्यांनीं ते सनदापत्रांपेक्षां हलके मानूं नयेत, अशी माझी विनंती आहे. गंगारामानें काढलेला गेंडा कोठून आला, काय खात होता, किती वर्षें जगला, हें कळण्याची वाट त्याच कागदांतून जाते. १९५३ सालीं पुणें महानगरपालिकेनें त्याच परिसरांत पेशवे पार्क काढलें, आणि १९९९ सालीं तेथील प्राणी कात्रजला गेले. मधल्या दीडशें वर्षांत तेथें वाघसिंह कोंडलेले होते याची आठवण गांवाला फारशी राहिली नव्हती.

आतां मन्सूर. जहांगीर बादशहाला अपूर्व प्राण्यांचा छंद होता, आणि त्याचा वृत्तांत त्यानें स्वतःच लिहून ठेविला आहे. १६१२ सालीं मुकर्रबखान गोव्याहून अनेक चमत्कारिक वस्तु व प्राणी घेऊन आला. फिरंग्यांनीं मागितली ती किंमत त्यानें दिली. त्यांत एक पक्षी होता. बादशहा लिहितो कीं हा लांडोरीहून मोठा, मोरापेक्षां लहान; माजावर आला म्हणजे मोरासारखा पिसारा फुलवितो; डोक्याचा व मानेचा रंग सरड्याप्रमाणें पालटतो, कधीं पोंवळ्यासारखा लाल, कधीं कापसासारखा पांढरा, कधीं पिरोजासारखा; आणि कपाळावरचें मांस हत्तीच्या सोंडेप्रमाणें लोंबतें व आखडतें. टर्कीचें याहून नेमकें वर्णन आजहि कोणी करणार नाहीं. हा पक्षी मूळचा अमेरिकेंतला. पोर्तुगीज भाषेंत त्याला ‘पेरू’ म्हणतात. आपल्या बागेंतील पेरूचा त्याच्याशीं कांहीं संबंध आहे काय, हा प्रश्न व्युत्पत्तिशास्त्र्यांसाठीं सोडून देतों.

याच प्रसंगीं बादशहा एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. बाबरानें प्राण्यांचीं वर्णनें लिहिलीं, पण तीं चित्रकारांकडून काढवून घेतलीं नाहींत. आपण तीं काढवून घेतलीं, कारण ऐकून जें आश्चर्य वाटतें तें पाहून वाढावें. येथें शब्द आणि चित्र एकमेकांचे साक्षीदार म्हणून मुद्दाम उभे केले आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत मन्सूरचा म्हणून मानला जाणारा टर्की आहे. त्याच्या गळ्याचें सुरकुतलेलें, रंग पालटणारें कातडें आणि एकेका पिसाची कड पाहावी, म्हणजे बादशहाच्या वर्णनाशीं तें कसें जुळतें हें ध्यानांत येईल. १६२१ सालीं हबसाणाकडून आलेला झेब्रा पाहून तर लोकांना शंका आली कीं हे पट्टे कोणी रंगविले असावेत. बादशहानें बारीक तपास करविला, पट्टे जन्मजात आहेत अशी खात्री करून घेतली, मग मन्सूरकडून चित्र काढविलें, त्यावर स्वहस्तें टीप लिहिली, आणि प्राणी इराणच्या शहा अब्बासाला पाठवावयाच्या नजराण्यांत घातला. तेंहि चित्र त्याच संग्रहालयांत आहे. आधीं तपास, मग चित्र, मग टीप, हा क्रम मला चित्रापेक्षांहि मोलाचा वाटतो. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्यें मन्सूरचा म्हणून जो पांढरा सायबेरियन क्रौंच आहे, त्या पक्ष्याचें शास्त्रीय वर्णन पाल्लास या पंडितानें १७७३ सालीं केलें. चित्र त्याच्या सुमारें दीडशें वर्षें आधींचें आहे.

तरीहि जहांगीराच्या या कौतुकाला भूतदया समजूं नये. अलीकडे तसें लिहिण्याची रीत पडली आहे, म्हणून हें सांगावें लागतें. त्यानेंच दिलेल्या हिशेबाप्रमाणें वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समोर २८,५३२ जनावरें मारलीं गेलीं, त्यांतील १७,१६७ त्यानें स्वतः मारलीं. मरणोन्मुख इनायतखानाला समोर आणवून त्याचें चित्र काढविणारा बादशहा तोच. त्याची जिज्ञासा निर्मळ होती, पण तींत माया होतीच असें नाहीं. सलीम अलींनीं १९२७-२८ मध्यें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत मोगल बादशहांवर लेख लिहिले, तेव्हां निसर्गज्ञ आणि शिकारी हीं दोन्ही नांवें मथळ्यांत एकत्र घातलीं. तेंच योग्य होतें.

मन्सूरच्या नांवाचा पाठपुरावा करतांना सेंट पीटर्सबर्गच्या डोडोकडे वळावेंच लागतें. १९५८ सालीं इव्हानॉव्ह या रशियन अभ्यासकानें हें मोगल चित्र उजेडांत आणलें. त्यावर सही नाहीं. मन्सूरचें म्हणून तें केवळ शैलीवरून सांगितलें जातें. मी म्हणेन कीं चित्रकाराचें नांव येथें मोकळेंच ठेवावें, पण डोडोवर विश्वास ठेवावा. कारण असें : त्या एकाच पानावर डोडोबरोबर इतरहि पक्षी आहेत, डोक्यावर पट्टे असलेलीं हंसबदकें आहेत, हिमालयांतील शिंगवाला त्रागोपान आहे. हे पक्षी आजहि जिवंत आहेत आणि चित्राशीं ताडून पाहतां येतात. ते बरोबर उतरले आहेत. जो साक्षीदार तपासण्याजोग्या गोष्टींत खरा ठरतो, त्याला न तपासण्याजोग्या गोष्टींत निदान ऐकून तरी घ्यावें. शिवाय पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानें त्याच काळांत सुरतेस दोन डोडो पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. युरोपांतल्या चित्रांतून डोडो अतिशय लठ्ठ दिसतो. या मोगल चित्रांतला बराच सडपातळ आहे. मॉरिशसमधला डोडो त्याच शतकांत नष्ट झाल्यामुळें कोणता खरा हें विचारावयाला तो उरला नाहीं.

मन्सूरची स्तुति करतांना ‘अगदीं छायाचित्रासारखें’ असें म्हणण्याची संवय आपल्याला लागली आहे. ही स्तुति मला पटत नाहीं, कारण छायाचित्र म्हणजे आपोआप विद्ध, असें तींत गृहीत धरलेलें असतें. छायाचित्रानें वन्य प्राण्यांविषयीं अपूर्व आनंद दिला हें कोण नाकारील? संयुक्त प्रांतांतील जंगलखात्याचे अधिकारी एफ्. डब्ल्यू. चॅम्पियन यांनीं वाटेवर तार लावून ठेवावी, रात्रीं वाघाचा पाय तिला लागावा, प्रकाश उजळावा आणि वाघानें स्वतःच स्वतःचें चित्र काढून जावें. १९२७ सालीं त्यांचें पुस्तक निघालें तेव्हां बंदुकीशिवाय वाघ मिळूं शकतो हें लोकांना दिसलें. तीं चित्रें मीं प्रथम पाहिलीं त्या रात्रीं बराच वेळ झोंप आली नाहीं. पण २००९ सालीं लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमशीं संबंधित स्पर्धेंत फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या छायाचित्राला पहिला मान मिळाला, आणि लांडगा माणसाळलेला असावा असा परीक्षकांनीं निर्णय दिल्यामुळें पुढच्याच वर्षीं तो काढून घेण्यांत आला. त्याच स्पर्धेंत २०१७ सालीं निवडलेलें, चमकणाऱ्या वारुळाशीं आलेल्या मुंगीखाऊचें छायाचित्र २०१८ सालीं रद्द झालें; तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला आहे असा चालकांचा निष्कर्ष होता, छायाचित्रकारानें मात्र तें नाकारलें. यंत्रानें खोटें सांगितलें नाहीं. यंत्रासमोर काय उभें केलें हें त्याला ठाऊक नव्हतें, इतकेंच.

पेंढा भरलेल्या प्राण्यांवरून आपल्याच खानदेशांतली एक हकीगत आठवते. रानपिंगळा नांवाच्या लहानशा घुबडाचें वर्णन ह्यूम यानें १८७३ सालीं केलें. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानें खानदेशांतून त्याचे नमुने मिळविले. १८८४ नंतर खरा नमुना कोणाला मिळाला नाहीं; फक्त कर्नल मायनर्ट्झहागेन याच्या संग्रहांत १९१४ सालीं तापीकाठच्या मांडवीस मारलेला एक होता, आणि त्याच्या चिठीवर विसंबून शोध घेणारे भलत्या ठिकाणीं भटकत राहिले. पुढें पामेला रासमुसेन यांनीं तो नमुना तपासला. क्ष-किरणांनीं आंतील भरण पाहिली, टांके पाहिले, आणि तो डेव्हिडसनच्या हातचा, लंडनच्या संग्रहालयांतून चोरलेला, पुन्हां उसवून भरलेला व खोटी चिठी लावलेला आहे असें दाखविलें. हें वाचतांना मला बदललेल्या पुष्पिकांची आठवण झाली. पोथी खरी, अक्षर खरें, फक्त शेवटचें पान दुसऱ्याचें! मधल्या काळांत रानपिंगळा म्हणून पुढें आलेलें छायाचित्रहि साध्या पिंगळ्याचें ठरलें. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचें डोकें जवळजवळ कोरें असतें. छायाचित्र खरें होतें, नांव चुकलें होतें. खोटी चिठी बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या, खऱ्या चिठ्यांच्या मार्गानें निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत बसलेला त्यांना सांपडला. त्याचें त्या वेळीं घेतलेलें छायाचित्र कलेच्या दृष्टीनें सामान्य असेल तरी मला चालेल. एकशें तेरा वर्षें ज्याचा खरा पत्ता नव्हता, तो तेथें फांदीवर बसून पाहणाऱ्यांकडे पाहत होता.

आतां स्नेह्यांच्या चित्राकडे येतों. कागद जुना आहे, हा त्यांचा पहिला मुद्दा. जुन्या हिशेबी वह्यांच्या कोऱ्या पानांवर नवीं चित्रें काढून विकण्याचा धंदा बाजारांत चालतो. कागदाचें वय चित्राचें वय नव्हे. लंडनचा जो टर्की मीं वर सांगितला तो ज्या वँटेज संग्रहांतून आला, त्या एकाच संग्रहांत सतराव्या शतकांतील अस्सल पानांशेजारीं दोन शतकांनंतरच्या नकलाहि बांधलेल्या आहेत; तेव्हां चांगल्या संगतींत असणें हाहि पुरावा पुरेसा नाहीं. ओळींत मन्सूरचें नांव आहे, हा त्यांचा दुसरा मुद्दा. मोगल चित्रांवरील नांवें पुष्कळदां चित्रकाराच्या हातचीं नसतात. ग्रंथालयाच्या कारकुनानें किंवा पुढच्या मालकानें तीं घातलेलीं असतात. ‘नादिर-उल्-अस्र’ ही पदवी मन्सूरला होती हें बादशहाच्या १६१८ च्या सुमाराच्या लिखाणांत येतें. १६१२ च्या पक्ष्याखालीं ती पदवी दिसली तर ओळ तरी मागाहूनची, चित्र तरी मागाहूनचें, किंवा पदवी आपण समजतों त्याहून जुनी, असे तीन पक्ष संभवतात. विक्रेत्यानें पहिल्या दोहोंचा उच्चार केला नव्हता.

पण माझा निर्णय या दोन्ही गोष्टींवर झाला नाहीं. तो झाला पक्ष्याच्या मानेवर. स्नेह्यांच्या टर्कीची मान वरपासून खालपर्यंत एकाच लाल रंगानें भरलेली आहे, आणि कपाळावरचें मांस कोंबड्याच्या तुऱ्यासारखें ताठ उभें आहे. पिसारा मात्र बारकाईनें रंगविलेला, मोराच्या पिसाऱ्याची प्रत म्हणावी असा. चित्रकारानें मोर पाहिला होता, कोंबडा पाहिला होता. टर्की पाहिला नव्हता. ज्या माणसानें ती मान एकदां लाल, मग पांढरी, मग निळी होतांना पाहिली असेल, त्याच्या हातून ती अशी सपाट उतरणार नाहीं.

हें मीं त्यांना सांगितलें तेव्हां ते बराच वेळ चित्राकडे पाहत बसले. दुसरें चित्र त्यांनीं घेतलें नाहीं. पहिलें परत करावें कीं काय, असें त्यांनीं विचारलें. मीं म्हणालों कीं अविद्ध म्हणून तें वाईट नाहीं, फक्त खालची ओळ खरी धरूं नका. सध्यां तें त्यांच्या ओसरीवर लावलेलें आहे. त्यांची नात येणाऱ्याजाणाऱ्यांना तो मोर आहे असें सांगते.